सत्तावीस नंबरची फाइल

हे मी अजून कोणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या चाळीतले नाही — की अनोळखी माणसापुढे लाज जरा कमी वाटते म्हणून? असेल, तसंही असेल.

लालबागची आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाचे कागद स्कॅन करून बिल्डरच्या ऑफिसात द्यायचे होते. ते काम शैलाकाकींनी अंगावर घेतलं. काकी आमच्या शेजारच्या, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. इतक्या वर्षांत आपल्या हातून एक दाखला हरवला नाही, हे त्या इतक्यांदा सांगायच्या की आम्ही पोरी मागे त्यांची नक्कल करायचो. दोन दिवस त्या स्कॅनरपुढे बसल्या. शनिवारचं एक फोल्डर, रविवारचं दुसरं. फाइलला नाव म्हणून खोलीचा नंबर, कारण आमच्याकडे माणूस नंबरानेच ओळखला जातो.

दोन्ही फोल्डरांतल्या फाइली एका जागी आणायचं काम माझं. मी आयटीतली ना! माउसने एकेक ओढत कोण बसणार? मी चार ओळींची बॅच फाइल लिहिली — फाइलींच्या यादीतलं एकेक नाव वाचायचं आणि ती फाइल तिसऱ्या फोल्डरमध्ये टाकायची. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर कॉम्प्युटर थांबून विचारतो, जुनी पुसू का? तो प्रश्न मला नको होता. कमांडच्या शेवटी एक स्लॅश आणि वाय टाकला, म्हणजे विचारू नकोस, परस्पर पूस. काळ्या स्क्रीनवर ओळी सरसर पळाल्या. काकी तोंडावर पदर धरून बघत होत्या. मला काय रुबाब वाटला म्हणून सांगू!

महिन्याभराने नवं घर मिळणाऱ्यांची बिल्डरची यादी फळ्यावर लागली. वसंतदादांचं नाव नव्हतं.

वसंतदादा सत्तावीस नंबरातले. त्यांचा धाकटा भाऊही सत्तावीस नंबरातलाच. भाऊ वेगळे झाले, मध्ये फळ्या ठोकल्या, दोन चुली झाल्या, पण नंबर कोणी बदलला नाही. चाळीत बदलत नाहीत.

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. माझ्या यादीत बेचाळीस नावं. तिसऱ्या फोल्डरमध्ये एक्केचाळीस फाइली. पुन्हा मोजल्या. शनिवारच्या फोल्डरमध्ये वसंतदादांची फाइल जागच्या जागी होती — अकरा पानं, एकही तिरकं नाही. रविवारची धाकट्याची फाइल त्याच नावाची, ती नंतर आली आणि थोरल्याची पुसून तिच्या जागी बसली. मला न विचारता. विचारू नकोस असं मीच सांगितलं होतं ना?

संध्याकाळी अंगणात मीटिंग भरली. वसंतदादांची बायको आणि काकी यांचं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वर्षभर बोलणं बंद होतं. ती काकींकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाली, "मुद्दाम गाळलं हिने!" कोणीतरी माझ्याकडे वळलं. "काय गं, तुझ्या कॉम्प्युटरकडून सुटू शकतं का?"

मी म्हणाले, "कॉम्प्युटर यादीत असेल तेच उचलतो."

माझाच आवाज ऐकून मी हादरले. किती शांत होता तो! वाक्यही खोटं नव्हतं — म्हणून तर ते इतकं नीच होतं. काकी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, मी पुढे काही बोलेन म्हणून वाट बघत होत्या. मी चप्पल शोधत बसले.

वसंतदादांचे कागद पुन्हा दिले गेले, नाव लागलं. कोणाचं घर गेलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आले. काकींनी चाळीची कमिटी सोडली, त्याला वयाचं कारण आहे असं मीच आईला सांगितलं.

गेल्या महिन्यात काकी दादरला भेटल्या. नव्या घराच्या ताब्याचा फॉर्म पिशवीत घेऊन हिंडत होत्या. एका पानाचा फॉर्म. माझ्या हातात दिला आणि त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "तूच भर गो. तो वसंताचो कागद माझ्याच हातसून रवलो असतलो. माका आता माझोच भरवसो नाय."

मला वाटत होतं, आपल्या हातून काही सुटलेलं नाही हे त्यांना ठाऊक असेल. निदान स्वतःपुरतं तरी. मी फॉर्म घेऊन फुटपाथच्या कठड्यावर बसले.

लॅपटॉप माझ्या खांद्याला होता. शनिवारचं फोल्डर त्यात अजून आहे.

मी फॉर्म भरला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घातली, पुन्हा उघडून बघितला. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू आसस म्हणान बरा." मी म्हटलं, सांभाळून जा काकी. तेवढंच म्हटलं.