संगणकामागचा जटापाठ

ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठशाळेत ढुंढिराज सप्रे नऊ वर्षं बसला आणि दहाव्या वर्षी उठला. वडील घनपाठी, आजोबा घनपाठी, आणि हा सोळाव्या वर्षी चौकातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसला. तेव्हापासून मोहल्ल्यात त्याला ‘अर्धा पंडित’ म्हणत. त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. रेडिओवरून तो टीव्हीकडे वळला आणि टीव्हीवरून संगणकाकडे. संगणक त्याला कुणी शिकवला नाही. जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्याने पोथीसारखी मांडी घालून वाचली, एकेक पान तीनतीनदा. गंगा जशी घाई न करता घाटाच्या पायऱ्या झिजवते, तशी त्याने ती पुस्तकं झिजवली.

सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षातला तो शुक्रवार होता. सकाळी अकराच्या सुमारास रत्नाकर भागवताचा निरोप आला, “असशील तसा ये.”

संकठा घाटाच्या वर रत्नाकरची एक खोली होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला रजई. तिथे तो भजनांच्या कॅसेटी तयार करायचा, आणि त्याच वर्षी त्याने ध्वनिमुद्रणासाठी संगणक घेतला होता. ढुंढिराज पोचला तेव्हा गादीवर इंदूमावशी बसल्या होत्या. अंगावर शाल, पायाशी पाण्याचा तांब्या.

इंदूमावशींना सारा घाट ओळखत होता. तीस वर्षं दर शुक्रवारी संकठा देवीपुढे त्या पद म्हणत आणि त्यांचे यजमान यज्ञेश्वरकाका पेटीवर साथ करत. काका दोन वर्षांपूर्वी मणिकर्णिकेवर गेले. आता मुलगा आईला कायमची पुण्याला नेत होता, आणि गाडी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला होती. जाण्याआधी मावशींना एकच गोष्ट हवी होती. काकांच्या पेटीची एक जुनी फीत घरात सापडली होती. ती रत्नाकरने संगणकात उतरवून घेतली होती, आणि तिच्यासोबत मावशींनी गायचं होतं. मग दोघं एकाच कॅसेटवर आली असती.

“फितीच्या शेवटी ते बोलतात रे,” मावशी म्हणाल्या. “पेटी थांबते आणि विचारतात, ‘इंदू, जमलं का गं?’ मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. कुकरच्या शिट्टीत ऐकूच आलं नाही. मला तिथपर्यंत पोचायचंय.”

“पोचू कुठले!” रत्नाकरने कपाळाला हात लावला. “तीनदा गायल्या बिचाऱ्या. एकदा दुसऱ्या कडव्याला मशीन ठप्प, एकदा तिसऱ्याला, आणि मघाशी तर शेवटची ओळ राहिली होती. पडदा निळा झाला आणि सगळं साफ! ढुंढू, हे यंत्र मला मोहल्ल्यात बदनाम करणार.”

मावशींचा आवाज बसत चालला होता. आणखी एकदा गाता आलं असतं, फार तर दोनदा. ढुंढिराजाने बाह्या वर केल्या.

“मावशी, तुम्ही आता बोलूसुद्धा नका. आधी मी रिकाम्या खोलीचंच ध्वनिमुद्रण करून बघतो. ते मोडायचं थांबलं की तुम्ही गा.”

कागद घेऊन त्याने यादी केली. संगणकावर गाण्याच्या प्रोग्रामशिवाय आणखी काय काय आहे? विषाणू शोधणारा प्रोग्राम, टेलिफोनच्या मोडेमचा, कोपऱ्यात घड्याळ दाखवणारा, पडदा झोपवणारा आणखी एक. दोन प्रोग्राम वेगवेगळे असले की शहाणे असतात, एकत्र आले की भांडतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून एक वेळी एकच सोबती ठेवायचा आणि बाकीचे बंद. पाठशाळेतही हेच नव्हतं का? मंत्रातली पदं दोनदोन करून म्हणायची, म्हणजे कुठल्या जोडीत चूक होते ते लगेच कानाला कळतं.

प्रत्येक खेपेला यंत्र बंद करून पुन्हा लावावं लागे. आणि प्रत्येक खेपेला रत्नाकर म्हणे, “जरा सरक.” मग उदबत्ती ओवाळून तो पडद्यावर ‘श्रीगणेशाय नमः’ लिही. ढुंढिराजही हात जोडी. मग काम पुढे.

पहिली जोडी पाच मिनिटांत मोडली. दुसरी सातव्या मिनिटाला. तिसरी मोडली, चौथीही मोडली. साडेबारा वाजले. मावशींचा मुलगा जिन्यावरून ओरडून गेला, “आई, साडेतीनला रिक्शा येईल हं!”

“झालं का रे अर्ध्या पंडिता?” रत्नाकर चिडून म्हणाला. “का तुझी इथेही अर्धीच विद्या?”

ढुंढिराज यादीकडे बघत राहिला. चारही जोड्या मोडल्या, म्हणजे भांडण या चौघांपैकी कुणाचंच नाही. प्रत्येक जोडीत आणखी कुणीतरी येऊन बसतोय, आणि तो यादीतच नाही. कोण?

तो रत्नाकरकडे वळला.

“दादा, श्रीगणेशाय नमः कशात लिहिता हो?”

“कशात म्हणजे? पडद्यावर.”

“अहो, पण कुठल्या प्रोग्रामात?”

“तो देवनागरी टाइपिंगचा नाही का, कॅसेटच्या वेष्टनासाठी घेतलेला. पण तो काय प्रोग्राम म्हणून थोडाच लावतो मी! ती पूजा आहे.”

ढुंढिराजाने स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली आणि तो मोठ्याने हसला. “मीही चारदा हात जोडले हो, चारदा! देवाला कुणी यादीत धरतं का?”

तो पालथा पडून टेबलामागे घुसला. तोंडाला जाळी लागली, शिंक आली. प्रिंटरच्या खोबणीत काडेपेटीएवढे दोन डोंगल एकामागे एक लावलेले होते. महाग प्रोग्रामांसोबत, कुणी नक्कल करू नये म्हणून, असा डोंगल येई. तो जागेवर आहे का, हे प्रोग्राम मधूनमधून विचारून बघे, आणि उत्तर आलं नाही की काम टाकून देई. इथे आत, यंत्राला लागून, टाइपिंगचा डोंगल होता. त्याच्या पाठीला गाण्याचा. टाइपिंग चालू असलं की पुढचा दाराशी आडवा बसे आणि मागच्याची हाक आतच पोचत नसे.

“सापडला!” टेबलाखालून आवाज आला. “दादा, टाइपिंगचा काढूनच टाकतो.”

“खबरदार! गणपती काढून गाणं?”

मावशींनीही मान हलवून ‘नाही’ म्हटलं. बोलायची बंदी होती ना.

ढुंढिराज तिथेच धुळीत पडून राहिला आणि अचानक त्याला वडिलांची मांडी आठवली, मांडीवर ताल देणारी बोटं आठवली. जटापाठ. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. पदं तीच, एकही गळत नाही, फक्त उलटून म्हणायची. मग डोंगल का नाही उलटायचे?

त्याने दोन्ही काढले. गाण्याचा आत लावला आणि टाइपिंगचा त्याच्या पाठीला, म्हणजे दाराशी गाण्याचाच राहील. यंत्र लावलं. रत्नाकरने उदबत्ती ओवाळली, नाव उमटलं, तिघांनी हात जोडले. मग रिकाम्या खोलीचं ध्वनिमुद्रण. पाच मिनिटं झाली. सात. दहा. कुणी श्वास मोठ्याने घेईना. वीस मिनिटं झाली तरी पडद्यावरची रेघ आपली सरळ धावतेच आहे!

“चालतंय! अरे, चालतंय रे!” रत्नाकरने त्याला धुळीसकट मिठी मारली. “कुठे शिकलास हे?”

“ब्रह्मा घाटावर. जटापाठ माझ्या अर्ध्या विद्येत आला होता.”

सव्वादोनला मावशींनी कानांवर हेडफोन चढवला. पेटीचा पहिला सूर आला तशी त्यांची पाठ ताठ झाली. आवाज थोडा घोगरा होता, पण पेटी पुढे सरकेल तसा तो सुटत गेला. दुसरं कडवं गेलं. तिसरं गेलं. ढुंढिराजाचे डोळे पडद्यावरून हलेनात. शेवटची ओळ आली आणि तीही पार झाली. पेटी थांबली.

आता काका बोलत असणार. खोलीत ते फक्त मावशींना ऐकू येत होतं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

“जमलं हो,” त्या म्हणाल्या. “छान जमलं.”

ढुंढिराजाने कळ दाबली. पडदा निळा झाला नाही. गाणं जतन झालं. रत्नाकरने धावत दोन कॅसेटी भरल्या, एक मावशींना, एक संकठा देवीच्या पुजाऱ्यांना. खाली रिक्शावाला घंटी वाजवत होता.

दारात मावशी थांबल्या, ढुंढिराजाच्या केसांतली जाळी त्यांनी बोटाने काढली आणि म्हणाल्या, “वडिलांना सांग, पाठ शुद्ध होता.”

मग त्या उतरल्या. पिशवी मुलाच्या हातात होती, कॅसेट मात्र त्यांनी शालीच्या आत घट्ट धरली होती.