बीमटाइम कोणाचा

माझ्या मार्गदर्शक सरांचा हात उठतो, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत होतं. माझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या काटोलच्या मुलाला त्यांनी एकदा कॉलर धरून भिंतीवर आपटलं होतं. प्रयोगशाळेतली भट्टी चालू राहून गेली, एवढंच कारण. नंतर टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "बापासारखे आहेत. मारलं तर मारलं." तेव्हा मलाही ते पटलं होतं.

मी बॅटरीत वापरायची एक पावडर तयार करत होते. चार्ज होताना तिच्या आत काय बदलतं, ते पाहायला फार प्रखर एक्स-रे लागतात. तसं यंत्र नागपुरात नाही. ते दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी केंद्रात आहे आणि देशभरातले लोक त्यावर वेळ मागतात. अर्ज समितीला पसंत पडला तर थोडा वेळ मिळतो. त्याला आम्ही बीमटाइम म्हणायचो. अर्ज विद्यार्थ्याला करता येत नाही, तो मार्गदर्शकाच्या नावानेच जातो.

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. दुसरा सरांनी शेजारी बसून लिहून घेतला, हे सांगायलाच हवं. "वाचणारा थकलेला असतो," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत सांग, हे काम दुसरीकडे काहून होत नाही." खाडाखोड करताना कागद फाडून माझ्या तोंडावर फेकायचे, आणि पुन्हा समजावायचे. दुपारी स्वतःच्या डब्यातली पोळीही द्यायचे. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत जिलेबी खाल्ली.

मग प्रयोगाला जाणाऱ्यांची यादी आली. त्यात माझं नाव नव्हतं. सरांचा पुतण्या त्याच वर्षी आमच्याकडे लागला होता, त्याचं होतं.

सर आत आले तेव्हा मी त्या पावडरीचे नाण्याएवढे बॅटरी-सेल भरून ट्रेमध्ये लावत होते.

"सर, यादीत मी नाही."

"यंदा तो जाईल. त्याले नावावर एक पेपर छापून पाहिजे."

"त्याला सेल भरता येत नाही, सर."

"तू शिकवशील."

"नाही शिकवणार. काम माझं आहे."

"तुझं?" त्यांनी ट्रे हाताने उडवला. सेल फरशीवर पसरले. मी वेचायला वाकले, तर त्यांनी बुटाने ते चिरडायला सुरुवात केली आणि त्यात माझी बोटंही आली. मी ओरडले. त्यांनी वेणी धरून मला उभं केलं आणि डाव्या कानावर मारलं. आत काहीतरी फाटलं. दुसरी थप्पड बसली तेव्हा आवाजच आला नाही, नुसतं डोकं हललं.

बाजूच्या स्टँडची लोखंडी सळई माझ्या हाती लागली आणि मी मारली. अडवायला नाही, लागावं म्हणूनच मारली. त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. ते काचेच्या रॅकवर कोसळले, बाटल्या अंगावर फुटल्या, कपाळ फाटलं. रक्त डोळ्यांत उतरत असताना ते उठून पुन्हा माझ्यावर आले. मी सळई पुन्हा उचलली. काटोलच्या मुलाने मागून मला मिठी मारली.

"मरतील ते! सोड!"

मी त्याच्या दंडाला चावले. तरी त्याने सोडलं नाही.

आई खाप्याहून दुपारच्या बसने माझ्या खोलीवर आली.

"काहून वं, कान काहून धरून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

"पयले कोणं मारलं?"

"त्यांनी."

"मंग रडू नको."

त्याच संध्याकाळी पुतण्या दोन मित्रांना घेऊन माझ्या खोलीवर आला. दारावर लाथा सुरू झाल्या, वरची कडी निखळायला आली. आईने खलबत्त्याचा दस्ता उचलला आणि स्वतःच दार उघडलं.

"या बाप्पा. एक एक जण आत या."

कोणी आत आलं नाही. शिव्या देत खाली उतरले. माझ्या स्कूटीचा दिवा फोडला, सीट फाडली आणि निघून गेले. आई दस्ता हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. मग तिने दार लावून निखळलेली कडी दस्त्याने ठोकून बसवली.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या, पुढे दोन्ही मागे घेतल्या गेल्या. विद्यापीठाच्या चौकशीत काटोलच्या मुलाने पाहिलं तसं सांगितलं. त्यानंतर तो विभागात आलाच नाही. आता हिंगण्याच्या एका कंपनीत आहे. सरांकडचे विद्यार्थी काढून घेण्यात आले. पण त्याआधी दवाखान्यातल्या खाटेवरून, हात झोळीत असताना, त्यांनी मंजूर झालेला बीमटाइम परत करून टाकला होता. अर्ज त्यांच्या नावाचा, त्यामुळे कोणालाही काही करता आलं नाही. ते कळलं तेव्हा सळई अजून हातात असायला हवी होती, असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

मला दुसऱ्या एका मॅडमनी घेतलं. आम्ही नव्याने अर्ज केला. तो नाकारला गेला. पुन्हा केला, आणि वेळ मिळाला. मॅडम आणि मी रेल्वेने गेलो, सेल मांडीवर घेऊन.

पहिल्या सेलमधून काहीच धड मिळालं नाही. दुसऱ्याला पडद्यावर एक्स-रेच्या आलेखाची रेघ चढली, वळली आणि चार्ज वाढेल तशी सरकत गेली, सरकेल म्हणून अर्जात लिहिलं होतं अगदी त्याच बाजूला. माझी मूठ टेबलावर इतक्या जोरात आदळली की चहाचा कप उडाला आणि पलीकडचा ऑपरेटर दचकून उभाच राहिला.

"काय झालं? काही बिघडलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. चहा पुसला, ऑपरेटरची माफी मागितली आणि तिसरा सेल लावायला घेतला.