शकिलाला माहेरी कायमचं राहायचंय

मंडळी, आज सकाळी मी शकिलाच्या सोबतीला कचेरीत गेले होते. मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला लागूनच तिचं माहेर. फाळणीच्या आधी लग्न होऊन ती कराचीला गेली. यंदा नवरा वारला आणि ती तात्पुरत्या परवान्यावर वडिलांकडे आली. सरकारच्या लेखी आता ती परदेशी आहे. इथं कायमचं राहता यावं म्हणून तिनं अर्ज केलाय.

साहेबांनी तिच्या वडिलांना, दस्तगीरचाचांना विचारलं, "मुलीला सांभाळायची ऐपत आहे का तुमची?"

चाचांना आता नीट दिसत नाही. ते म्हणाले, "मी कुठलं सांभाळतोय साहेब? तीच मला सांभाळती. हितवर हात धरून तिनंच आणलंय की मला."

शकिलाचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, बिनसलं सगळं. साहेबांनी अर्ज पुढं ओढून त्यावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "निकाल वरून येईल. मी शिफारस करून पाठवतो. तोवर राहू दे तिला."

घरी आल्यावर शकिलानं ट्रंक उघडली. आल्यापासून तिनं कपडे बाहेर काढलेच नव्हते. आज एकेक झटकून दांडीवर टाकू लागली.

चाचांनी दारातून विचारलं, "काय करतीयास गं?"

"कपडं लावतीया, अब्बा."

"लाव, लाव," म्हणाले, आणि तिथंच डोळे पुसत बसले.

निकाल काय येईल ठाऊक नाही. पण ज्या घरात जन्मलो तिथंच राहायची परवानगी मागायची वेळ आली, तर तुम्ही काय कारण सांगाल?