गुर्जींचं गाऱ्हाणं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? भर देवळात, अख्ख्या गावासमोर, मी माझ्याच तोंडानं माझी अब्रू घालवली. चहा घ्या, सांगतो.

मी कोल्हापूरचा. स्वभाव संशयी. कुणी हसून नमस्कार केला तरी आधी खिसा चाचपणार! अशा माणसाला नोकरी लागली कुठं, तर मालगुंडच्या पलीकडं एका वाडीतल्या शाळेत, शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं संपत आलेली, कायम व्हायची ऑर्डर तोंडावर. अशा वेळी गावानं एक तक्रार केली की बसा बोंबलत!

आणि नेमकं तेव्हाच मला शहाणपण सुचलं. सातवीला म्हटलं, या वेळी लेखी चाचणी नाही. बंदरावर जा, कलमांच्या बागेत जा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि आपल्या गावचे पन्नास शब्द अर्थासकट लिहून आणा. गुण त्यावरच.

पोरं जी सुटली! कुणी जाळं विणणाऱ्या काकांना धरलं, कुणी चुलीपाशी आजीला. दोन दिवसांनी पोस्टमन म्हणाला, "सर, गाव भारी कामाला लावलंत हो!"

टोमणाच ना हा? मला तर सरळ टोमणाच वाटला.

मग एका सकाळी मी दुकानात शिरलो. मानसी म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात चौकस पोरगी. तिची आजी दुकानदाराला सांगत होती, "आयतवारी देवळात गुर्जींचा गाऱ्हाणा घालायचा हाय. समद्यांनी यायचा."

तीन वर्षांत मी त्या देवळाची पायरीही चढलो नव्हतो, आणि आता हे! अहो, आमच्याकडं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार! सुनेचं सासूबद्दल, शेजाऱ्याचं शेजाऱ्याबद्दल. इथं तर सगळा गाव माझ्याबद्दल!

तेवढ्यात आजीनं मला बघितलं. "गुर्जी, तुमी पन या हां!"

म्हणजे आरोपीला समक्ष बोलावणं!

घरी आलो. पालकांना गार कसं करायचं? वह्यांचा गठ्ठा ओढला आणि एकही वही न वाचता सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले. वर लाल शाईत शेरा: 'शब्द न् शब्द वाचला. उत्तम!' वह्या वर्गात वाटून टाकल्या, मग चार पानी खुलासा लिहिला आणि रविवारी तो खिशात घालून देवळात गेलो.

गुरव हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्ये आमचे गुर्जी..."

मी ताडकन उठलो. "थांबा! आधी माझं ऐका! पोरांना बंदरावर मीच धाडलं!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ एका सुरात.

"पण माझा हेतू वाईट नव्हता!"

"व्हय म्हाराजा!"

"बरं बाबा, माझं चुकलं!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात.

"मग काढून टाका मला!"

आता मात्र कुणी हूं की चूं करेना. मानसीची आजी पुढं आली. "अवो गुर्जी, काय बोलताय ह्ये? तुमच्यापायी पोरा आमच्याशी बोलाया लागली. तुमी कायम व्हावंत, हितंच ऱ्हावंत, म्हणून तर देवाला गाऱ्हाणा घालतोय!"

धरणीमाते, पोटात घे! त्यात मानसी वही घेऊन पुढं. "सर, माझा पहिलाच शब्द होता की." मी वाचलं. 'गाऱ्हाणं : सर्वांनी मिळून देवाला केलेली विनंती. मध्येमध्ये होय महाराजा म्हणायचे असते.' आणि बाजूलाच माझा लाल शेरा.

"सर, तुम्ही शब्द न् शब्द वाचलात ना?"

मी खिशातला खुलासा आणखी आत ढकलला. गुरवांनीच माझी सुटका केली. पुन्हा हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, गुर्जींची नोकरी कायम कर. आनि पोरांच्या वह्या वाचायची बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.