वलांडीवर चढलेला रणगाडा

मालाडच्या एका ऑफिसात मी मोबाइल गेमसाठी रणगाडे बनवते, म्हणजे कॉम्प्युटरवर. त्यातला एक माझा फार लाडका. गेममधल्या खोट्या देशाचा, वजनाला हलका, विमानाच्या पोटात मावणारा आणि पाण्यात उतरला की होडीसारखा तरंगणारा. आम्ही पडलो कोळी. तरंगणारी गोष्ट बनवायची म्हटल्यावर मी जीव ओतून काम केलं.

तो पाण्यातून ज्या किनाऱ्यावर येतो तो किनारा दुसरी टीम करत होती. एकदा त्यांनी काम मोठ्या स्क्रीनवर लावलं. विमानातून माझा रणगाडा समुद्रात उतरला, लाटा कापत रेतीवर आला आणि वलांडीवर, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूंवर, सरळ चढला. बांबू मोडले की खेळणाऱ्याला पॉइंट. सगळे हसले. मला काही हसू येईना, कारण ती वलांडी आमची होती. मागचं निळं दारही आमचंच. आणि टोपली टाकून जीव घेऊन पळणारी बाई माझी आई होती.

हिवाळ्यात मी ऑफिसच्या ग्रुपवर आमच्या कोळीवाड्याचे फोटो टाकले होते, सुके बोंबील कुणाला हवेत का म्हणून. बोंबील एकानेही घेतले नाहीत. फोटो मात्र न विचारता घेतले.

माझं डोकंच सटकलं. त्या टीमचा लीड म्हणाला, देश खोटा, गाव खोटं, ओळखणार कोण? वर म्हणे, "रिअल वाटतं ना यार, म्हणून तर घेतलं."

"माझ्या आईला तिथून काढ," मी म्हटलं. "आजच्या आज."

आजच्या आज काही झालं नाही. मी बॉसपर्यंत गेले, आवाज चढवला, राजीनाम्याची धमकी दिली. शेवटी कुरकुरत त्यांनी तिला काढलं. दार आणि वलांडी तशीच ठेवली, म्हणे तेवढं तरी चालवून घे.

गेम बाहेर आला तेव्हा एका रविवारी वहिनीने तो आईला फोनवर दाखवला. आई चिडणार म्हणून मी तयारीतच होते. पण तिला आनंद झाला. आपलं दार बघ, आपली वलांडी बघ, असं ती वहिनीला दाखवत राहिली. रणगाड्याने बांबू मोडले त्याचंही तिला काही वाटलं नाही. मग ती फोन जवळ घेऊन शोधायला लागली.

"एवरा म्हावरा सुकत घातलाय आनि राखनीला कोनच नाय? आमी कुठं गेलो गं?"

मी फोन हातात घेऊन पाहिला. किनाऱ्यावर एकही बाई नव्हती. त्या टीमने आईचं एकच चित्र करून किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांसाठी तेच लावलं होतं. आई काढली तशा सगळ्याच गेल्या होत्या, आणि नव्या बायका करायचे कष्ट कोण घेणार?

सोमवारी मी टीम लीडसमोर उभी राहिले. "आईला परत ठेव," म्हटलं. "पण आता ती पळणार नाही. हातात कोयती घेऊन समोर येईल."

गेम बाहेर गेला, आता त्यात हात घालता येत नाही, असं म्हणून तो जेवायला निघून गेला. तो किनारा अजून तसाच आहे. माझा रणगाडा रोज तिथे चढतो, आणि त्याला चार शिव्या घालायलासुद्धा तिथे कुणी नाही.