एकाच चिपची दोन टोकं

मी मुद्दाम उजेड वाया घालवते हे कळल्यावर सुधाकरमामा माझ्यावर खरंच चिडले होते.

काल दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात ते वारले.

मामा दिग्रसला इंटरनेटच्या फायबर केबल जोडायचे. केबल तुटल्याचा फोन आला की बाइक काढून थेट बोरी अरबपर्यंत. केसाएवढी काचेची तार, तिचं टोक कापायचं, दुसऱ्या टोकाला वितळवून चिकटवायचं. जोडावर उजेड जराही सांडला, म्हणजे लॉस झाला, की परत सगळं.

आणि माझ्या पीएचडीच्या चिपवर उजेडाच्या दोन शेजारी वाटा. एकीवर मी स्वतः धातूचा थर चढवलेला, उजेड शोषला जावा म्हणून.

"कायले?" मामा म्हणाले. "आमी लॉस कमी कराले मरून राह्यलो, अन तू हातानं लावून राह्यली?"

मग मी सांगितलं. या वाटांतून उजेड दोन रूपांत चालतो. वाटांची मापं आणि लॉस एका नेमक्या जागी आले की दोन्ही रूपं एकच होतात. ती जागा म्हणजे एक्सेप्शनल पॉइंट. उजेड पुढे जाताना मापं हळूहळू बदलत त्या पॉइंटभोवती फेरी मारली, की आत कोणतंही रूप सोडा, बाहेर ठरलेलंच निघतं. उलट्या बाजूनं सोडा, तर दुसरं.

"निघालं का मंग?"

अर्धंच. एका बाजूनं काहीही सोडलं तरी एकच रूप यायचं. माझे गाइड सर म्हणाले, दुसरं नुसतं लॉसमध्ये मरत असेल; उलट्या बाजूनं दुसरं रूप निघालं तरच फेरी खरी.

"तिकडून पाह्यलं?"

"ते टोक फुटलंय मामा. नवी चिप करावी लागेल."

नवी चिप होईपर्यंत माझी फेलोशिप संपणार होती. हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं.



"फुटलं त घासून घे न, रेणू. आमी जोड दोन्हीकून मोजल्याबिगर घरी नाही जात."

आठवडाभर ते टोक पॉलिश केलं. तिकडून लेझर सोडला.

आधीच्या बाजूनं दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसायचे.
आता त्यांच्या मधोमध काळी रेघ, म्हणजे दुसरं रूप.
आत सोडायचं रूप बदललं. रेघ तशीच.

सरांच्या आधी मामांना फोन केला.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले, तर मामा शेजारच्या खाटेवरच्या झरी जामणीच्या काकांना माझ्या चिपचे फोटो दाखवत होते.

"इकून धाडला त असा निघते, तिकून धाडला त असा. आत कसाबी टाका."

"काहून पन?" काका उठून बसले.

"मधात एक जागा हाय. तिच्या भवताल फिरून येते. त्या जागेवर दोघायचं एक होऊन जाते."

"थे जागा दिसते का?"

"नाही न! गणितातच हाय. पन फिरून आल्यावर समजते, कोन्या बाजूनं फिरला त."

मी दारात उभी होते. माझ्या सेमिनारमध्ये मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

काका म्हणाले, "पुन्हा सांगा बरं."

मामांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

या आता, मामा.
तुमच्या भाचीचा मनापासून नमस्कार.