दाराला भोक पाडायचा धंदा

मोटारीचं दार खोलून त्यात स्पीकर बसवला आणि दार पुन्हा बंद केलं, की एकदोन स्क्रू हातात उरतातच. ते कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही. नव्वदच्या आसपास बोईसरला आम्ही कारटेप फिटिंगचं दुकान टाकलं, तेव्हापासून असे स्क्रू मी बिस्किटाच्या डब्यात टाकत आलो. डबा भरला. प्रत्येक स्क्रूमागे एक किस्सा आहे आणि बहुतेकांत गाढव मीच आहे.

दुकानात आम्ही दोघेच, मी आणि मासवणचा सुधाकर. सुधाकरकडे हात आहे आणि माझ्याकडे कान, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

सुधाकर म्हणायचा, "आणि तोंड."

०

बाबांना हा धंदा मुळीच पसंत नव्हता. त्यांनी तारापूरच्या एका कापड कंपनीत लूमवर जन्म काढला. लाइट गेली तरच ते लूम थांबायचे. त्या खडखडाटाने बाबांचे कान पार गेलेले.

"चांगल्या दाराला भोक पाडायचं आणि वर पैसे मागायचे? कंपनीत लाग, परमनंट होशील. यात काय नाय."

त्यांनी एकदा तरी माझं काम बघून मान डोलवावी, असं मला फार वाटायचं. गाण्यातला ढोलकीचा ठोका दारातून मांडीवर आला पाहिजे, त्याला आम्ही मिडबास म्हणतो. पण ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना तो ऐकवायचा कसा?

०

पालघरच्या एका डॉक्टरांच्या फियाटमध्ये मी हौसेने मोठे स्पीकर घातले. आवाज झकास. पण स्पीकरचा मॅग्नेट इतका जाड, की खाली येणारी काच त्यावर टेकायची.

डॉक्टर म्हणाले, "काच अर्धीच उतरते हो."

"अर्धीच उतरवायची असते, डॉक्टर. पूर्ण उतरवली की बास बाहेर जातो."

पुढे त्यांचे मेहुणे आले. त्यांची मारुती आम्ही अगदी चोख केली. दुसऱ्या दिवशी ते चिडून परत. "माझी काच पूर्ण खाली जाते. दाजींसारखं काम का नाही केलं?"

सुधाकरने गंभीर चेहऱ्याने दारात लाकडाचा ठोकळा बसवून दिला.

०

स्टील कंपनीतले मिश्राजी गाडीत बसले, ऐकलं आणि म्हणाले, "भाई, ढोलक किधर गया?"

खरंच ढोलकी गायब होती. मी दारात फोम भरला, कापूस भरला, स्पीकर कंपनीला शिव्या दिल्या. शेवटी सुधाकरने वायरी पाहिल्या. एका दारातल्या उलट्या जोडलेल्या. एक स्पीकर हवा ढकलतोय, त्याच वेळी दुसरा ओढतोय, आणि दोघांच्या मध्ये ढोलकी मेली.

"आपल्या दुकानासारखंच हाय," सुधाकर म्हणाला. वायरी मी जोडल्या होत्या.

०

सातपाटीचे नाना मासळीचे व्यापारी. त्यांच्या गाडीचं दार खडखडायचं. तक्रार घेऊन ते दोनदा आले.

"तो बास आहे, नाना. तुम्हाला सवय नाही," मी दोन्ही वेळा समजावलं.

तिसऱ्यांदा त्यांनी दार घरीच खोललं आणि माझा हरवलेला पाना आणून काउंटरवर ठेवला. "घ्या, हा तुमचा बास."

०

बाबा रिटायर झाले आणि त्यांची झोपच गेली. "घर कसं मेल्यासारखं वाटतं," म्हणायचे. आई सांगायची, नुसते कूस बदलत असतात.

त्याच सुमारास मी जुनी मारुती घेतली आणि तिच्या दारांत जीव ओतला. एका रविवारी दुपारी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं, टेप मोठा केला आणि त्यांचा तळवा दारावर ठेवला.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. हात काढला नाही. जरा वेळाने मान डोलायला लागली. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग ती मान छातीवर आली आणि बाबा घोरायला लागले.

एवढी मेहनत केली आणि माणूस झोपला! मी हिरमुसून टेप बंद केला.

बाबा दचकून जागे झाले. "काय रे, लाइट गेली काय?"